डाव्या पायाचा ब्रेक

पिस्टनने ताडपत्री ओढली. आप्पांनी आधी डोळे मिटले, मग उघडले.

पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, जप्त केलेल्या गाड्यांच्या दाटीत, मुलाची लाल डुकाटी उजव्या कुशीवर पडली होती. घेऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. तिच्याकडे पाहवत नव्हतं, पण पाहण्यासाठीच आप्पांना बोलावलं होतं.

"रस्त्यावर ब्रेकची खूण नाही," इन्स्पेक्टर म्हणाले. "ड्रायव्हर म्हणतो, व्हॅन वळवली तेव्हा मोटारसायकल चांगली लांब होती, सहज थांबली असती. तुम्ही या गाड्यांतले जाणकार. ब्रेक धड होता का, एवढं सांगा. ब्रेक धड असेल, तर व्हॅन आयत्या वेळी वळली असं धरून त्याच्यावर केस उभी राहतेय."

"राहू दे की," पिस्टन म्हणाला. "जीव घेतलाय त्यानं."

पिस्टन म्हणजे आप्पांचा जुना दोस्त. त्याचं खरं नाव त्याच्या गॅरेजच्या पाटीवरही नव्हतं.

बेकरीच्या व्हॅनचा तो ड्रायव्हर येताना गजांआड दिसला होता. वय मुलाएवढंच. "काका, सिग्नल दिला होता हो मी," एवढंच म्हणाला. आप्पांनी तोंड फिरवलं. मुलाला पोचवून आल्यापासून त्यांच्या मनात एकच इच्छा शिल्लक होती, हा माणूस तुरुंगात सडावा. त्या इच्छेच्या आधारावरच ते सकाळी उठत होते.

घरात बाप-लेक दोघांनाही वेड इटलीच्याच गाड्यांचं, पण एकमेकांच्या गाड्यांशी मात्र उभा दावा. आप्पांची गुझ्झी त्यांच्याहून थोडीच लहान. एकच आडवा सिलिंडर, आणि इंजिनाच्या बाहेर गरगरणारं भलंमोठं चाक. "आप्पा, ही मोटारसायकल नाही, पिठाची गिरणी आहे," मुलगा म्हणायचा. "आणि तू कॉम्प्युटरला चाकं लावून फिरतोस," आप्पा म्हणायचे. रविवारी अंगणात दोघं शेजारी शेजारी गाड्या पुसत बसत. सून चहा घेऊन यायची आणि हळूच काडी टाकायची, "आज कुणाची जास्त चकाकतेय हो?" मग पुढचा तासभर बघायलाच नको.

दोन हवालदारांनी गाडी उभी करून धरली. आप्पा गुडघ्यांवर बसले. ब्रेकचं तेल पुरेपूर होतं. पायातला ब्रेक दाबून त्यांनी मागचं चाक फिरवायला सांगितलं. चाक जागचं हललं नाही. हातातला ब्रेकही शाबूत होता.

मग ते डाव्या बाजूला आले. ती बाजू रस्त्याला लागलीच नव्हती. रंगावर ओरखडासुद्धा नव्हता. फक्त गियरचा दांडा खाली पार वाकला होता.

"हा कशानं वाकला रे?" पिस्टनने विचारलं.

आप्पांनी त्या दांड्यावरून अंगठा फिरवला. बुटाच्या तळव्याने त्याचा रबर सोलवटला होता. ते तसेच बसून राहिले.

"आप्पा? काय झालं?"

"ब्रेक चांगला आहे, साहेब," आप्पा म्हणाले. "तो दाबलाच गेला नाही. इटलीच्या जुन्या गाड्यांना गियर उजव्या पायात असतो आणि ब्रेक डाव्या पायात. नव्यांना उलट. जुन्या गाडीवर शिकलेला पाय घाबरला, की डावीकडेच दाबतो. इथे जिवाच्या आकांताने दाबलाय. पण इथे ब्रेक नव्हता."

"आणि हातातला?"

"जुन्या गाडीत तो नावालाच असतो. हातावर विसंबू नकोस, भिस्त पायावर ठेव, असं मीच शिकवलं."

इन्स्पेक्टरांनी वही उघडली. "म्हणजे चूक..."

"चालवणाऱ्याची. त्या पोराला घरी जाऊ द्या."

फाटकाबाहेर येईपर्यंत पिस्टनने दम धरला.

"मेलेल्या लेकावर ढकललंस, आप्पा? गप्प बसला असतास तर तुझं तोंड कुणी उघडलं असतं?"

"त्या ड्रायव्हरच्या घरीही कुणीतरी वाट बघत असेल."

"आणि तुझ्या घरी? ती बिचारी त्याच्या मागे बसली होती. नवरा डोळ्यांदेखत गेला. आता तिनं ऐकायचं, की चूक त्याचीच होती? आणि तूच म्हणतोस, शिकवलं मी. कशाला शिकवलंस त्याला त्या जुनाट गाडीवर?"

आप्पा चालतच राहिले.

"बोल की."

"काय बोलू?"

"मग माझ्या गॅरेजची पायरी पुन्हा चढू नकोस," पिस्टन म्हणाला, आणि रस्ता ओलांडून निघून गेला. आप्पा त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. आयुष्यात दुसरा मित्र त्यांनी केलाच नव्हता.

घरी सून दारातच उभी होती. पायाला प्लास्टर, काखेत कुबडी. अपघातापासून ती अशीच दाराशी उभी असे, आत जा म्हटलं की जाई, पुन्हा येई.

"काय निघालं, आप्पा?"

"तो सुटेल उद्या-परवा."

"सुटेल?" तिने चौकट धरली. "का?"

"ब्रेक समजून डावा पाय दाबला गेला. तसं सांगून आलो."

तिने काखेतली कुबडी सावरली. मग अगदी हळू म्हणाली, "कुणी दाबला, म्हणून सांगितलंत?"

"चालवणाऱ्याने. त्यांनी लेकाचं नाव लिहून घेतलं." आप्पांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. "मी लिहू दिलं. तू आत चल, बस जरा."

ती हलली नाही. मुलगा त्या जुन्या गाडीवर जन्मात कधी बसला नव्हता. ती चालवायला आप्पांनी शिकवलं होतं फक्त सुनेला.