टॅगवरचं अक्षर

दम संपलेलं ॲसिड पुन्हा ताजं करणाऱ्या प्लांटमध्ये फिटरनं पाइप खोलला आणि चिळकांडी थेट डोळ्यात गेली. पाइपला लॅबनं टॅग लावला होता : ‘धुऊन झालाय, खोला.’ खालची सही मात्र ॲसिडनं खाल्ली होती.

“अक्षर कुणाचं, ओळखा,” चौकशीत साहेब म्हणाले.

उरलेल्या एका डोळ्यानं त्यानं टॅग नीट निरखला. “नाही ओळखू येत, साहेब. टॅग न बघताच खोलला मी पाइप.”

“म्हणजे चूक तुमची?”

“माझीच.”

लॅबमध्ये टॅग लिहिणाऱ्या दोघी भिंतीशी उभ्या होत्या. त्यातली एक त्याची लेक. लहानपणी जिचा हात धरून त्यानं पाटीवर अक्षरं गिरवून घेतली होती, तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि बाबांकडे न बघताच ती ड्यूटीवर निघून गेली.