दारात घेतलेलं सामान

या माउली, जरा जवळ सरकून बसा. शुक्रवार पेठेतल्या केराबाईची गोष्ट ऐका.

तिचा नवरा येडू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेला. वाचा गेली होती, फक्त डोळे हलायचे. म्हणून लेक पूनम परगावाहून मोबाइलवर किराणा मागवायची आणि तो दारात यायचा. केराबाईची पायपीट वाचली खरी. पण ‘मालक कसे हायत?’ असं विचारणारा दुकानदार दुरावला.

त्या संध्याकाळी ती बाहेरून कुलूप घालून कीर्तनाला गेली. अभंग रंगात आला आणि फोन वाजला. सामान पोचवणारा पोरगा बोलत होता.

“मावशी, सामान पोचलं बरं का. आजोबांनी घेतलं की दारात.”

ती तशीच घरी धावली. कुलूप जागच्या जागी होतं. ते काढून कडीला अडकवलं आणि ती आत शिरली. आत येडू तसाच उताणा पडलेला, आणि ओट्यापाशी किराण्याची पिशवी उघडी. नव्या तांदळाची पहिली मूठ देवापुढं ठेवायची, ही तिच्या घरची रीत. आज ती मूठ येडूच्या उशाशी होती.

“कुणी घेतलं वो?” तिनं कसंबसं विचारलं.

येडूचे डोळे पाण्यानं भरले. ते तिच्यावरून सरकत तिच्या मागं दाराकडं गेले आणि तिथंच थांबले.

दार लागलं. बाहेरून कुलूप घातल्याचा आवाज आला. किल्ली तिच्या मुठीत होती.

त्या दिवसापासून केराबाई कुणाला दिसली नाही. किराणा अजून वेळच्या वेळी पोचतो. पूनमला मोबाइलवर दिसतं, दारात कुणीतरी घेतलाय.

देवापुढं हात जोडाल तेव्हा, माउली, केराबाई कशी हाय, एवढं मात्र विचारा.