टेबलाची जागा

हवा तपासायला आलेल्या मॅडमनी जिवलीच्या टेबलावर एक बारीक नळी ठेवली आणि गॅस सोडला. त्याला ना रंग, ना वास. वरचा एक्झॉस्ट पंखा त्यातला किती ओढून घेतो, ते वरच्या पाइपात लावलेलं यंत्र मोजणार होतं. कमी ओढला, तर कंपनीला नवा एक्झॉस्ट बसवावा लागणार होता. तलासरीच्या या गोंदाच्या कारखान्यात जिवली सहा वर्षं थिनरच्या वासात खोकत होती, आणि सोमवारपासून तिची लेक कविता तिच्या शेजारी कामाला बसणार होती.

ही तपासणी विनोदने घडवून आणली होती. विनोद म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, इथे सुपरवायझर. "मावशी, एकदा मोजलं की शेठला नाय म्हणता येणार नाय," असं तो म्हणाला होता. जिवलीने आपल्या कैनाडच्या पाड्यावर ते दहा जणींना कौतुकाने सांगितलं होतं.

सकाळी त्याच्याच सांगण्यावरून तिने जागा आवरली. एक्झॉस्टखाली कायम रचलेली पिंपं बाहेर ढकलली, पार भिंतीकडे असलेलं आपलं टेबल त्या मोकळ्या जागेत ओढलं, फरशी दोनदा पुसली. पाहुणे यायचे असले की घर आवरतात, तसं तिने सगळं मनापासून केलं.

"रोज इथेच बसता ना?" मॅडमनी विचारलं.

जिवलीने विनोदकडे पाहिलं. आता हा खरं सांगेल, असं तिला वाटलं.

"इथेच मॅडम. पहिल्यापासून," विनोद म्हणाला.

सकाळपासून आपल्याकडून काय करून घेतलं, ते जिवलीला तेव्हा कळलं. पण बहिणीच्या पोराला परक्या बाईसमोर खोटं पाडायला तिची जीभ रेटेना.

"छान. जवळजवळ सगळा ओढला," म्हणत मॅडमनी आकडा लिहून घेतला आणि त्या निघाल्या.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच विनोदने पिंपं आत घ्यायला लावली. टेबल पुन्हा भिंतीकडे गेलं.

"मला पर्मनंट करतायत मावशी. समजून घे," तो हळूच म्हणाला. "सोमवारी कविताला आणतेस ना?"

"कविता नाय येणार. तुझ्या आईला आणते," जिवली म्हणाली. "हवा चांगली आहे ना? मग तिलाच बसवू इथे."

जिवलीने थिनरच्या डब्याचं झाकण उघडलं, तसा विनोद दोन पावलं मागे सरला.