ढगळ बूट

"अजून घट्ट!" जर्मन अंमलदार पाय आपटत म्हणाला. हुकूम सोडण्यापुरतं रशियन त्याला येत होतं.

लोकर कुटून गावाचे बूट करणारा म्हातारा पाखोम बर्फात गुडघे टेकून त्याच्या पायातला लोकरीचा बूट चाचपत होता. "साहेब, आमच्याकडच्या थंडीत जरा सैल घालतात."

"तुम्ही पोत्यातसुद्धा पाय घालाल. मला धरून चाळीसही जणांना बूट मोज्यासारखा बसला पाहिजे."

"जशी आज्ञा." पाखोम कमरेत वाकला.

कुंपणापलीकडून ग्लाफिरा बघत होती. अंमलदार गेल्यावर तिनं तोंड सोडलं. "काय हो पाखोमकाका, लोकर कुटता कुटता पाठीचा कणाही कुटलात वाटतं? आम्हांला जन्मभर असले ढगळ बूट घातलेत, एकात दोन पाय मावतील. आणि या पाव्हण्यांना मात्र बेतून!"

"गिऱ्हाईक मागेल तसं द्यावं, बाई."

ग्लाफिरा बर्फावर थुंकली.

गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं. तो विहिरीवर आला की बायका अर्ध्या भरलेल्या बादल्या उचलून निघायच्या. तो आपला दिवसभर वाफेत लोकर कुटायचा. प्रत्येक जोडाला मापाची दोरी दोनदा लावून बघायचा, म्हणे बोटभरही फरक नको. असली ती निष्ठा!

ग्लाफिराचा मुलगा जंगलात, जर्मनांशी लढणाऱ्या टोळीत होता. दर रविवारी ती सरपणाच्या निमित्तानं शालीत काळा पाव लपवून न्यायची. मागच्या खेपेला टोळीच्या नायकानं विचारलं होतं, "गावात फितूर कोण? नाव सांग, पुढचं आम्ही बघतो." पुढचं म्हणजे एक गोळी. पोटच्या पोराच्या शत्रूला बूट करून देणारा फितूर नाही, तर कोण? येत्या रविवारी नाव सांगायचं, तिनं ठरवून टाकलं.

बुधवारी थंडी अशी पडली, की उडता कावळा दगडासारखा खाली यावा. अंमलदार धरून चाळीसही जण नवे बूट घालून पुलावर पहाऱ्याला गेले. छान दिसत होते, खोटं कशाला बोला.

शनिवारी सकाळी ते घसरगाड्यांवर आडवे परत आले. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या. चिंध्यांतून बोटं दिसत होती, काळी, जळक्या लाकडासारखी. मागच्या गाडीत बुटांचा ढीग होता. एकूण एक बूट उभा चिरलेला. सुजलेल्या पायांतून कापूनच काढावा लागला होता. शेवटच्या गाडीत अंमलदार आईच्या नावानं रडत होता.

पाखोम कुंपणाशी टोपी काढून उभा होता. प्रत्येक गाडीला कमरेत वाकून नमस्कार घालत होता. गाड्या गेल्यावर त्यानं टोपी झटकली.

"बघ बाई, चाळीस जोड दिले. सैल झाला म्हणून एकाचीही तक्रार नाही."

चार दिवस जिभेवर घोळवलेलं नाव ग्लाफिरानं गिळलं. मग आपल्या ढगळ बुटांत हळूच बोटं हलवून पाहिली.

दहाच्या दहा हलली.