मिठागरातला चोर

शनिवारी सकाळी चोर पुन्हा येऊन गेला होता.

"बघ," नयनने स्क्रीन बायकोपुढे, दर्शनापुढे वळवली. "परत छतातून उतरला."

बाळकुम गावातल्या घरात बसून नयनने वर्षभर खपून गेमचा हा मॅप बनवलेला. त्यात खाडी होती, मिठागरं होती आणि सगळी कोडी सुटली तरच उघडणारी शेवटची झोपडी होती. झोपडीत मिठागरावरचा एक म्हातारा बसलेला. जवळ गेलं की तो घरीच रेकॉर्ड केलेल्या आवाजात बोलायचा, आणि त्या बोलण्यातच खजिन्याचं गुपित होतं. उद्या मॅप स्पर्धेत उतरणार होता. त्याआधीच गुपित फुटलं, तर खेळायला येणार कोण?

हा चोर मात्र तपासणीसाठी मित्राला आणि घरच्यांना दिलेल्या लॉगिनने रोज आत शिरायचा. कोडी न सोडवता उडत यायचा, म्हाताऱ्यासमोर उभा राहायचा आणि तेच ते बोलणं पुन्हा पुन्हा ऐकायचा.

"टिपून घेतोय," नयन म्हणाला. "हा विनीतच असणार."

डोंबिवलीच्या विनीतने, त्याच्या मित्राने, मॅप तपासून दिलेला. नयनने त्याला फोन लावला.

"अरे, मी एकदाच शेवटपर्यंत गेलेलो, तेही तुझ्यासमोर," विनीत म्हणाला. "माझ्यावर डाऊट घेतोस?"

नयन ओशाळला. कशीबशी समजूत काढून त्याने फोन ठेवला.

जेवताना आईने, आवडाबाईने, विचारलं, "गावला का र तुजा चोर?"

"नाही. पण आज सगळ्या वाटा बंद करतो."

"मंग तो येनार कसा?"

"येऊच नये म्हणून तर."

आवडाबाई भात चिवडत राहिली. दर्शनाने तिच्या ताटात बोंबील वाढला आणि नयनला म्हणाली, "एखादी फट राहू दे ना. नेत तर काहीच नाही बिचारा."

"वर्षभर तू खपली असतीस, तर असं बोलली नसतीस."

दुपारभर बसून त्याने झोपडीच्या भिंती आणि छप्पर न फुटणारं केलं, उडणं बंद केलं. लॉगिन तेवढं मुद्दाम चालू ठेवलं. मग स्वतः अदृश्य होऊन तो झोपडीपाशी थांबला.

संध्याकाळी चोर आला. उडी मारून बघितली, उडता येईना. भिंतीवर घाव घातले, भिंत फुटेना. झोपडीभोवती फिरत राहिला आणि शेवटी दारासमोर नुसता उभा राहिला. जाईना.

नयन जिंकला होता. तरी त्याला कसंसंच झालं. त्याने चॅटमध्ये लिहिलं, "कोण तू? काय हवंय तुला?"

मग उत्तर उमटलं.

"बाला, दार उघर ना. तुजा बापूस गेल्यापासून त्याचा आवाज मना हितंच आयकाला मिलतो."