कुंपणापलीकडचा चेंडू

"तुमचा कुणाचा विश्वास बसणार नाही," मी गुत्त्यात सुरुवात केली. हंगेरीच्या फुटबॉल संघात होतो तेव्हा माझी डावी लाथ साऱ्या युरोपात गाजत होती. मग भाऊ ऑस्ट्रियात पळाला, सरकारने माझा पासपोर्ट काढून घेतला, आणि मी आपला सीमेवरच्या आमच्या गावात काटेरी कुंपणाकडे बघत बसलो.

"काल असा फटका बसला म्हणून सांगू, चेंडू थेट ऑस्ट्रियात! मग काय, घुसलो तारेखालून. भावाच्या हातची कॉफी प्यालो, वर खसखशीचा केक हाणला आणि चेंडू काखेत मारून दिवेलागणीला घरी हजर."

"आणि वेंडेलदादा, कुंपणाखाली पेरलेले सुरुंग?" एकाने विचारलं.

"ते माझे पाय ओळखतात रे!"

सगळे खो खो हसले. कोपऱ्यात वाईन पीत बसलेला पहारेकरी बोल्डिजार मात्र ग्लास आपटून उठला. त्या कुंपणाची राखण त्याच्याच बंदुकीकडे होती. मला वाटलं, आता बेड्याच.



"साफ थाप आहे ही!" तो ओरडला. "तिकडे पोचलेला माणूस परत कशाला येईल?"