शेजारणीची उत्तरं

शेजारच्या विधवा तुळसाची उत्तरं कौतिकाने आठ दिवस घोकली होती. मागच्या खेपेला याच प्रश्नांनंतर तुळसाला सर्वे करणाऱ्या संस्थेच्या दोन शेळ्या मिळाल्या, कौतिकाला काहीच नाही. यंदा चुकायचं नव्हतं.

टॅबलेटवर बोट ठेवून सर्वेवाल्या ताईंनी विचारलं, "नवरा काय करतो?"

"वारला," कौतिकाने तुळसाचंच उत्तर दिलं.

कुडामागे लपवलेल्या नवऱ्याला तेवढ्यात खोकल्याची ढास लागली.

ताईंचं बोट थांबलं. "मावशी, शेळ्या उत्तरांवर नव्हत्या, चिठ्ठ्या टाकून वाटल्या. मिळालेल्यांचं किती सुधारलं, हे तुमच्यासारख्या न मिळालेल्यांशी ताडून बघायचं असतं."

कौतिका भीत भीत म्हणाली,

"मंग ताई, माझं सुधारलं तर तुमचं बिघडंल का?"